२००९ चा 'स्टार ट्रेक': रीबूट म्हणावा की पुढचा भाग?

धागाकर्ता

२००९ साली आलेल्या 'स्टार ट्रेक' या चित्रपटाचा विषय निघाला की जवळजवळ सगळेच त्याला 'रीबूट' म्हणून मोकळे होतात. मला हे वर्णन पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया आधी तो पाहावा, कारण पुढच्या चर्चेत सगळे कथानक उघड होणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 'एंटरप्राइझ' या अवकाशजहाजाच्या मोहिमांची मूळ दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली आणि तिचे ७९ भाग झाले. १९७९ ते १९९१ या काळात त्याच कलाकारांचे सहा चित्रपट आले, तर १९९४ पासून पुढच्या पिढीच्या कलाकारांचे चार. त्यांपैकी शेवटचा, म्हणजे २००२ चा 'नेमेसिस', तिकीटबारीवर पडला. २००५ मध्ये 'एंटरप्राइझ' ही मालिकाही बंद झाली आणि १९८७ पासून पडद्यावर अखंड चालत आलेला हा प्रवाह थांबला. चार वर्षांनी जे. जे. एब्रॅम्स यांनी तो पुन्हा सुरू केला तेव्हा कर्क, स्पॉक, मकॉय, उहुरा ही सगळी मूळ पात्रे तरुण वयात, नव्या कलाकारांच्या रूपात समोर आली. इतकेच पाहिले तर याला रीबूट म्हणणे साहजिक वाटते.

पण कथा काय सांगते ते पाहा. २३८७ साली एका ताऱ्याचा स्फोट होतो आणि त्यात रोम्युलस हा ग्रह नष्ट होतो. तो वाचवण्याचे वचन देऊनही वेळेत पोहोचू न शकलेला वृद्ध स्पॉक आणि सूडाने पेटलेला रोम्युलसवासी नीरो, असे दोघेही एका कृष्णविवरातून भूतकाळात फेकले जातात. नीरो २२३३ मध्ये बाहेर पडतो आणि 'केल्विन' या जहाजावर हल्ला करतो. त्यात कर्कचे वडील कर्कच्या जन्माच्याच घटकेला मरण पावतात, आणि तिथून इतिहास वेगळ्या वाटेने जातो. स्पॉक मात्र पंचवीस वर्षांनी, २२५८ मध्ये बाहेर पडतो. ही भूमिका लेनर्ड निमॉय यांनीच केली आहे, म्हणजे १९६६ पासून ज्या स्पॉकला प्रेक्षक ओळखत होते तोच हा स्पॉक आहे.

'रीबूट' हा शब्द संगणकाच्या जगातून आला आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की चालू स्मृतीत जे काही असते ते सगळे पुसले जाते आणि यंत्र पहिल्यापासून आरंभ करते. कथामालेच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की आधी जे घडले ते घडलेच नाही असे मानून, पाटी कोरी करून, तीच पात्रे घेऊन नव्याने श्रीगणेशा करायचा. आता या चित्रपटात पाटी कोरी झाली आहे का? वृद्ध स्पॉकला सगळे आठवते. बर्फाळ ग्रहावरच्या गुहेत भेटलेल्या तरुण कर्कला तो सांगतो की माझ्या इतिहासात तुझे वडील जिवंत होते आणि तुला 'एंटरप्राइझ'चा कप्तान झालेला त्यांनी अभिमानाने पाहिले होते. जुन्या मालिकेतले सारे आयुष्य पाठीशी असल्याशिवाय हे वाक्य त्याला उच्चारताच आले नसते. स्पॉकच्या बाजूने पाहिले तर हा चित्रपट सरळसरळ पुढचा भाग आहे: तो वृद्ध होतो, त्याच्या हातून एक मोठे अपयश घडते, आणि त्या अपयशाची फळे त्याला परक्या काळात भोगावी लागतात.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. नव्या कथेतल्या कोणाला तरी जुनी कथा आठवते का? आठवत असेल, आणि त्या आठवणीवाचून कथानक पुढे सरकत नसेल, तर तो रीबूट नाही. आपली मते जरूर मांडा. फक्त एक विनंती आहे की शक्यतो चित्रपटातल्या प्रसंगांचे दाखले देऊन मांडा.

प्रतिसाद १

धाग्याचा विषय उत्तम आहे, पण मी असहमत आहे. आपण सगळा भार एका पात्राच्या स्मृतीवर टाकला आहे. चित्रपट ज्यांच्यासाठी बनवला त्या प्रेक्षकाचा विचार त्यात आलेला नाही. आधीच्या दहा चित्रपटांपैकी एकही न पाहिलेल्या माणसाला हा चित्रपट पहिल्या प्रसंगापासून समजतो. कर्कचा जन्म, त्याचे बेफिकीर तारुण्य, प्रशिक्षण संस्थेतला प्रवेश, स्पॉकशी पहिली ठिणगी, जहाजावरची पहिली मोहीम, हा सगळा क्रम ओळख करून देणाऱ्या कथेचा आहे. पुढचा भाग असा रचला जात नाही. निर्मात्यांना नव्याने आरंभ करायचा होता आणि त्यांनी तो केला. वृद्ध स्पॉक हा जुन्या चाहत्यांचा मान राखण्यासाठी योजलेला दुवा आहे.

जुना कलाकार नव्या चित्रपटात असणे हाही निर्णायक पुरावा ठरत नाही. २००६ मध्ये जेम्स बाँडच्या चित्रपटांचा नव्याने आरंभ झाला तेव्हा बाँडला मारण्याचा परवाना नुकताच मिळतो असे दाखवले होते, म्हणजे रीबूट असल्याबद्दल शंकेला जागाच नव्हती. तरीही १९९५ पासून त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे काम करणाऱ्या ज्युडी डेंच त्याच भूमिकेत कायम राहिल्या. निमॉय यांची उपस्थितीही त्याच प्रकारची का मानू नये?

धागाकर्ता

डेंच यांचे उदाहरण चपखल आहे, आणि त्यामुळेच मला माझा मुद्दा अधिक नेमका करता येतो. तिथे कलाकार तीच राहिली, पण तिच्या पात्राला आधीच्या बाँडबरोबरची वर्षे आठवत नाहीत. त्या जगात ती वर्षे झालेलीच नाहीत. निमॉय यांच्या बाबतीत कलाकारही तोच आहे आणि पात्राचे आयुष्यही तेच. चेहरा टिकला की नाही याला मी महत्त्व देत नाही, मी विचारतो आहे की भूतकाळ टिकला की नाही.

प्रेक्षकाला आधीचे काही माहीत असण्याची गरज नसणे हा कथनातला गुण आहे. 'मॅड मॅक्स' मालिकेतला २०१५ चा चित्रपट आधीचे तिन्ही न पाहताही समजतो, आणि तिथे तर मुख्य कलाकारही बदलला आहे. तरी दिग्दर्शक जॉर्ज मिलर तेच, नायक तोच, आणि त्याच्या मागे लागलेली भुतेही तीच. त्याला रीबूट म्हणायला मी धजावणार नाही.

प्रतिसाद २

एक मूलभूत शंका आहे. रीमेक आणि रीबूट यांत नेमका फरक काय करायचा? दोन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरताना दिसतात.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ साठी: रीमेकमध्ये एक ठरावीक कथा पुन्हा सांगितली जाते. १९८७ चा 'रोबोकॉप' आणि २०१४ चा 'रोबोकॉप' यांत तपशील बदलले, तरी मारल्या गेलेल्या किंवा मरणाच्या दारात पोहोचलेल्या पोलिसाचे यंत्रमानव होणे हीच कथा दोन्हीकडे आहे. रीबूटमध्ये कथा नवी असू शकते. जग आणि पात्रे तीच ठेवून घटनाक्रम मात्र पहिल्यापासून मांडला जातो, आणि पुढे आणखी भाग काढण्याचा हेतू त्यात असतो. अर्थात एकच चित्रपट दोन्ही असू शकतो. २००९ चा 'स्टार ट्रेक' रीमेक नाही, एवढ्यावर तरी इथे सगळ्यांचे एकमत व्हावे.

प्रतिसाद ४

मी या मालिकेकडे कालप्रवासाच्या नियमांच्या बाजूने पाहत आलो आहे, आणि मला वाटते की धागाकर्त्यांनी सर्वांत अवघड प्रश्नाला हात घातलेला नाही. जुना इतिहास या चित्रपटानंतर शिल्लक राहतो का?

या मालिकेचा स्वतःचा जुना नियम काय आहे ते पाहा. १९६७ च्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या भागात मकॉय १९३० च्या काळात जाऊन एका स्त्रीचे प्राण वाचवतो आणि त्याच क्षणी कर्कचे जहाज अवकाशातून नाहीसे होते. इतिहास बदलला की जुना पुसला जातो, असा त्याचा अर्थ. तो परत मिळवायचा तर त्या स्त्रीला मरू द्यावे लागते, आणि जिच्यावर कर्कचे मन जडले आहे तिला वाचवण्यापासून मकॉयला कर्कलाच अडवावे लागते. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'मध्येही हेच घडते: बोर्ग हे शत्रू २०६३ मध्ये जातात आणि पुढच्या पिढीच्या 'एंटरप्राइझ'चा कप्तान पिकार्ड याला डोळ्यांसमोर बदललेली पृथ्वी दिसते. तो त्यांच्या मागोमाग जाऊन इतिहास पूर्ववत करतो. तीस वर्षे हा नियम कमीअधिक पाळला गेला, आणि नायकांचे कर्तव्यही त्यातूनच ठरत आले की बिघडलेला इतिहास दुरुस्त करायचा.

२००९ च्या चित्रपटात असे काय घडते? व्हल्कन हा स्पॉकचा अख्खा ग्रह नष्ट होतो, कर्कचे वडील गेलेले असतात, पण इतिहास पूर्ववत करावा असे एकाच्याही मनात येत नाही. हा जो स्पॉक आहे त्याने स्वतः त्या १९६७ च्या भागात इतिहास दुरुस्त करायला मदत केली होती! त्यालाही ते सुचत नाही. तो व्हल्कनच्या वाचलेल्या लोकांसाठी नवी वसाहत उभारायला निघून जातो. माझ्या मते याची दोनच स्पष्टीकरणे संभवतात. एक तर जुना नियम लागू आहे, आणि मग स्पॉकच्या स्मृतीतला इतिहास पुसला गेला आहे व ही पाटी खरोखर कोरी झाली आहे. नाहीतर चित्रपटाने नियमच बदलला आहे आणि इतिहासाला फाटा फुटतो असे मानले आहे. दुसरे खरे असेल तर कथेचा रीबूट झाला नाही हे मान्य, पण ज्या नियमांवर कथा उभी होती त्यांचा मात्र झाला.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ मधली मांडणी फार आवडली. मात्र फाटा फुटण्याची कल्पना या मालिकेत २००९ मध्ये प्रथम आली असे नाही. १९६७ च्याच 'मिरर, मिरर' या भागात समांतर विश्व आहे, आणि १९९३ च्या 'पॅरलल्स' या भागात तर प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात प्रत्यक्षात येते असे स्पष्ट सांगितले आहे. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंजभौतिकीत मांडलेल्या बहुविश्वांच्या कल्पनेशी हे जुळणारे आहे. म्हणजे दोन्ही नियम या घरात आधीपासूनच नांदत होते, आणि २००९ च्या चित्रपटाने त्यांपैकी दुसरा निवडला. चित्रपटात जहाजावरच्या चर्चेत उहुरा स्वतः हे पर्यायी वास्तव असल्याचे म्हणते आणि तरुण स्पॉक तिला दुजोरा देतो.

जुना इतिहास शिल्लक राहिला याचा पुरावाही नंतर मिळाला. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'पिकार्ड' या मालिकेचे कथानक जुन्या इतिहासातच पुढे सरकते, आणि रोम्युलसचा विनाश हा तिच्या पायाचाच दगड आहे. म्हणजे २००९ च्या चित्रपटातली घटना जुन्या इतिहासाने आपली म्हणून स्वीकारली. कोरी पाटी अशी मागच्या पाटीवर अक्षरे उमटवत नाही.

प्रतिसाद ४

हा दाखला मान्य आहे, पण अकरा वर्षांनी आलेल्या मालिकेवरून आधीच्या चित्रपटाचे स्वरूप ठरवणे मला योग्य वाटत नाही. २००९ मध्ये चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला जुना इतिहास संपला की चालू आहे हे कळण्याचा उहुराच्या त्या एका वाक्याखेरीज कोणताच मार्ग नव्हता. मी स्वतः तो संपला असे समजून बाहेर पडलो होतो आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटले होते. ज्या जगाबरोबर वाढलो ते कायमचे मिटले, ही भावना पुढे कित्येक वर्षे मनात राहिली.

प्रतिसाद ६

रीबूट आहे किंवा नाही, असे दोनच कप्पे करणे मला अपुरे वाटते. जपानचा 'गॉडझिला' पाहिला की हे लक्षात येते. १९५४ च्या पहिल्या चित्रपटापासून १९७५ पर्यंत तोहो कंपनीने या मालिकेत १५ चित्रपट काढले. नऊ वर्षांच्या खंडानंतर १९८४ मध्ये जो चित्रपट आला त्याने पहिला चित्रपट तेवढा खरा मानला आणि मधले १४ बाजूला ठेवले. म्हणजे तो १९५४ च्या चित्रपटाचा पुढचा भाग आहे, आणि मधल्यांच्या दृष्टीने रीबूट. १९९९ ते २००४ या काळात सहा चित्रपट आले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांनाही न जुमानता दर वेळी पहिल्या चित्रपटापासून वेगळा धागा काढला. संपूर्ण पुसलेली पाटी पाहायची असेल तर २०१६ चा 'शिन गॉडझिला' पाहावा. तिथे असा प्राणी पूर्वी कोणी पाहिलेलाच नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या बैठकांमागून बैठका होत राहतात त्या त्यामुळेच, कारण अशा संकटासाठी कोणताही नियम किंवा पूर्वानुभव त्यांच्या हाताशी नसतो.

हॉलिवूडनेही पुढे हीच वाट धरली. २०१९ च्या 'टर्मिनेटर: डार्क फेट'ने १९९१ च्या दुसऱ्या चित्रपटाशी सांधा जोडला आणि मधले तीन चित्रपट सोडून दिले. तेव्हा किती पुसले आणि काय ठेवले, हे विचारणे मला अधिक उपयोगी वाटते.

प्रतिसाद ७

धागाकर्त्यांची स्मृतीची कसोटी मी 'प्लॅनेट ऑफ द एप्स'वर लावून पाहिली, आणि ती चालते असे दिसते. २०११ च्या चित्रपटात सीझर नावाचा वानर आहे आणि १९७२ च्या चित्रपटातही सीझरच होता. पण १९७२ चा सीझर भविष्यातून आलेल्या दोन बोलत्या वानरांचा मुलगा होता, तर २०११ च्या सीझरला बुद्धी मिळते ती त्याच्या आईवर प्रयोगशाळेत केलेल्या औषधाच्या प्रयोगातून. त्या आईला 'ब्राइट आइज' म्हणतात, आणि १९६८ च्या चित्रपटात झिरा ही वानर शास्त्रज्ञ अंतराळवीराला याच नावाने हाक मारत असे. 'इकारस' यान अवकाशात हरवल्याची बातमीही ओझरती दिसते. हे सगळे प्रेक्षकाला दिलेले इशारे आहेत, त्या जगातल्या कोणालाही जुने काही आठवत नाही. म्हणून २०११ चा चित्रपट रीबूट ठरतो आणि त्याबद्दल फारसा वादही होत नाही.

प्रतिसाद ८

या चर्चेत एका तपशिलाकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. इतिहासाला फाटा २२३३ मध्ये फुटला असेल, तर त्याआधीचे सगळे दोन्हीकडे सारखेच असायला हवे. काही ठिकाणी ते प्रामाणिकपणे सांभाळले आहे. अभियंता स्कॉटीला दूरच्या ओसाड ठाण्यावर धाडले जाते, कारण त्याने केलेल्या प्रयोगात अ‍ॅडमिरल आर्चर यांचा लाडका कुत्रा नाहीसा होतो. 'एंटरप्राइझ' या मालिकेत कप्तान आर्चरजवळ त्याच जातीचा कुत्रा होता. ती मालिका २१५१ पासूनच्या काळात घडते, म्हणजे तो इतिहास सामाईक आहे हे चित्रपट मान्य करतो.

पण २०१३ च्या दुसऱ्या चित्रपटात खान हा मूळ मालिकेतला खलनायक येतो आणि घोटाळा होतो. जुन्या कथेप्रमाणे खान १९९६ मध्ये पृथ्वी सोडून शीतनिद्रेत गेला होता, फाटा फुटण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी. तो माणूस दोन्ही इतिहासांत एकच असला पाहिजे. तरीही १९६७ मध्ये आणि १९८२ मध्ये रिकार्डो माँटलबान यांनी उभा केलेला खान आणि बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा खान यांत रूप, वर्ण, बोलण्याची ढब असे काहीच जुळत नाही. जहाजावरच्या तरुण चेकॉव्हचेही तसेच. जुन्या कालक्रमाने त्याचा जन्म २२४५ चा, म्हणजे २२५८ मध्ये तो तेरा वर्षांचा असायला हवा. चित्रपटात तो सतरा वर्षांचा आहे. त्याचा जन्म फाटा फुटल्यानंतरचा असल्याने त्याला पळवाट तरी आहे, खानला तीही नाही. खानच्या बाबतीत निर्मात्यांनी पात्र नव्याने घडवले आणि जुन्याशी असलेले नाते वाऱ्यावर सोडले. याला रीबूट म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ८ मधला खानचा मुद्दा मला खोडता येत नाही. २०१३ च्या चित्रपटाने त्या एका पात्रापुरता रीबूटच केला आहे, आणि माझ्या दृष्टीने तो या तीन चित्रपटांमधला सर्वांत मोठा दोष आहे. मात्र त्याच चित्रपटात तरुण स्पॉक दूरसंपर्कावरून वृद्ध स्पॉकला गाठतो आणि खानविषयी विचारतो, हेही लक्षात घ्यावे. तुमच्या भवितव्याविषयी काही सांगणार नाही अशी शपथ वृद्ध स्पॉकने घेतलेली असते. तरीही तो ती बाजूला ठेवून बजावतो की 'एंटरप्राइझ'ला भेटलेल्या शत्रूंमध्ये खान सर्वांत घातकी होता. निर्मात्यांनी पात्र बदलले, पण जुन्या कथेचे ऋण मान्य केल्याखेरीज त्यांनाही पुढे जाता आले नाही.

प्रतिसाद ४ चा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. इतिहास दुरुस्त करण्याचा विचार वृद्ध स्पॉकच्या मनात का येत नाही, याचे उत्तर चित्रपट देत नाही. फाटा फुटला आहे आणि मूळ इतिहास आपल्या जागी सुरक्षित आहे हे तो जाणतो, म्हणून दुरुस्त करण्यासारखे त्याच्यापुढे काही उरत नाही, असे मी आजवर समजत आलो. ते माझे अनुमान आहे हे कबूल केले पाहिजे. शिवाय तुम्ही म्हणता तसे वाईट वाटून बाहेर पडलेले प्रेक्षक पुष्कळ होते, आणि त्यांना रीबूट हा शब्द वापरावासा वाटला तर त्यात त्यांची चूक नाही. चित्रपटाने त्यांना पुरेसे सांगितले नव्हते.

प्रतिसाद ६ मुळे माझी भूमिका थोडी बदलली आहे. तरुण कर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांपुरता हा नवा आरंभ आहे हे मी आता मान्य करतो, कारण त्यांच्यापैकी कोणाचेच जुने आयुष्य घडलेले नाही. स्पॉकपुरता मात्र तो पुढचाच भाग आहे, आणि त्या भागाचा शेवट २०१६ च्या 'बियाँड'मध्ये झाला. निमॉय फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले होते. चित्रपटात तरुण स्पॉकला राजदूत स्पॉकच्या, म्हणजे वृद्ध स्पॉकच्या, निधनाची बातमी मिळते आणि पुढे वृद्ध स्पॉकच्या मागे राहिलेल्या वस्तू त्याच्या हाती येतात. त्यांत एक छायाचित्र निघते: म्हातारपणाकडे झुकलेले कर्क, स्पॉक, मकॉय, स्कॉटी, उहुरा, सुलू आणि चेकॉव्ह, मूळ कलाकारांचे, एकत्र उभे असलेले. तरुण स्पॉक जहाजावरचे काम सोडून व्हल्कनच्या वसाहतीत जायच्या विचारात असतो, आणि ते छायाचित्र पाहिल्यावर तो 'एंटरप्राइझ'वरच राहतो.